गिटार बदलली की आवाज फाटतो, नाहीतर बसतो: डिजिटल प्रोसेसरची इनपुट लेव्हल कशी लावावी

तक्रार ठरलेली आहे. गणपतीला मुंबईहून चाकरमानी गावी येतात, येताना आपापली गिटार घेऊन येतात आणि वाडीच्या कार्यक्रमात प्रोसेसर, म्हणजे गिटारीला अँपचे आणि इफेक्टचे आवाज देणारं यंत्र, मात्र एकच असतो. सिंगल कॉइलच्या, म्हणजे एका गुंडाळीच्या पिकअपच्या गिटारीवर नीट बसवलेला क्लीन टोन पुढच्या मुलाने हंबकरची, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या जोरकस पिकअपची गिटार जोडली की फाटायला लागतो. "रे, कायतरी फाटता हा!" अशी मिक्सरपाशी बसलेल्याची हाक येते आणि कोणीतरी घाईघाईने इनपुटचा नॉब खाली घेतो. मग पहिली गिटार परत लागते तेव्हा आवाज बसलेला असतो, नॉइज गेट (ठराविक उंचीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) अर्धे सूर खातो. नॉब पुन्हा वर. रात्रभर तो नॉब वर-खाली होत राहतो आणि एकाही गिटारीचा आवाज जागेवर येत नाही. पूजेच्या ऑर्केस्ट्रात, हळदीच्या कार्यक्रमात आणि कुडाळ-कणकवलीकडच्या घरगुती रेकॉर्डिंगमध्येही हेच चालतं.

यावरचा उपाय असा: इनपुट लेव्हल तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्यात जोरकस गिटारीवर एकदा लावायची आणि मग तिला हात लावायचा नाही. गिटारींमधला फरक त्यापुढे, प्रीसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरात साठवलेल्या टोनच्या सेटिंगमध्ये मिटवायचा. पण त्याआधी आवाज नेमका कुठे फाटतोय ते शोधायला हवं, कारण पुष्कळदा दोष इनपुटचा नसतोच.

फाटतंय कुठे?

सिग्नलचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. तारांचा कंप टिपणारा पिकअप, गिटारीतलं सर्किट, वायर किंवा वायरलेस, प्रोसेसरचा इनपुट, तिथेच आवाजाचे आकडे करणारा कन्व्हर्टर, मग अँपचं मॉडेल आणि इफेक्ट, मग आउटपुट, आणि शेवटी साउंडवाल्याचा मिक्सर. यातल्या कुठल्याही टप्प्यावर आवाज फाटू शकतो, आणि स्टेजवर उभं राहून ऐकताना सगळं फाटणं सारखंच वाटतं. म्हणून क्रमाने जा.

पहिलं काम म्हणजे एक रिकामा प्रीसेट बनवून ठेवा, ज्यात एकही इफेक्ट नाही, अँप नाही, कॅबिनेट नाही. संशय आला की त्या प्रीसेटवर या आणि सहाही तारा पूर्ण जोराने मारा. गिटार कोरडी, पातळ ऐकू येईल, तशीच यायला हवी. पण त्यातही माराच्या सुरुवातीला कचकच ऐकू आली, तर दोष बहुधा इनपुटवर किंवा त्याच्याही आधी आहे. रिकाम्या प्रीसेटवर आवाज स्वच्छ असेल तर इनपुटला विसरा. तुमच्या अँप मॉडेलचा गेन जास्त आहे, नाहीतर मधल्या एखाद्या ब्लॉकने, बहुधा ड्राइव्ह किंवा इक्यूने, लेव्हल फार वाढवली आहे.

दुसरी परीक्षा आउटपुटची. आपल्याकडच्या कार्यक्रमांत ही फारच कामाची आहे. प्रोसेसरचा मास्टर निम्म्यावर आणा आणि साउंडवाल्याला तेवढाच फेडर वर घ्यायला सांगा. कचकच गेली, तर प्रोसेसरचा लाइन लेव्हलचा आउटपुट मिक्सरच्या माइक इनपुटमध्ये शिरलाय आणि तिथला प्रीअँप फाटतोय. मिक्सरचा गेन खाली घ्या, पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) असेल तर दाबा, किंवा सरळ लाइन इनपुटला जोडा. त्या चॅनलचा फँटम (माइकसाठीचा वीजपुरवठा) बंद आहे ना, तेही तेव्हाच बघा. तिकडे मिक्सरवर फाटणाऱ्या आवाजासाठी इकडे इनपुट कमी केला, तर दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे, असं होतं.

घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड करत असाल तर याहून नेमकी परीक्षा करता येते. एक जोरदार कॉर्ड रेकॉर्ड करा, वेव्हफॉर्म खूप मोठा करून बघा. धडधाकट लाटेचं टोक गोलसर किंवा टोकदार असतं. टोकं कातरल्यासारखी सपाट दिसली तर आवाज कापला गेलाय. आता बघायचं ते ती सपाटी कुठल्या उंचीवर आहे हे. शून्य डीबीएफएसवर, म्हणजे डिजिटलच्या छतालाच सपाटी असेल, तर कन्व्हर्टर भरला आहे. इंटरफेसचा, म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या खोक्याचा गेन कमी करा. पण सपाटी उणे ७ किंवा उणे १० वर असेल, मीटरवर लाल दिवा एकदाही लागलेला नसेल, तरी टोकं सपाटच असतील, तर आवाज गेनच्या आधीच कापला गेलाय. तिथे गेनचा नॉब कितीही फिरवा, सपाटी फक्त वर-खाली सरकेल, जाणार नाही.

अशा वेळी दोनच संशयित: वायरलेस आणि बॅटरी. आजकाल सगळ्यांकडे दिसणारे २.४ गिगाहर्ट्झचे छोटे डिजिटल वायरलेस ट्रान्समीटर गिटारीच्या जॅकमध्येच आवाजाचे आकडे करतात. म्हणजे पहिला कन्व्हर्टर तिथेच. स्वस्तातल्या ट्रान्समीटरांना जोरकस हंबकर झेपत नाही, आणि त्यावर लेव्हलचा नॉबही नसतो. ते फाटतात आणि प्रोसेसरचा इनपुट दिवा हिरवाच राहतो. खात्री करायची तर वायरलेस काढून साधी वायर लावा. वायरवर आवाज स्वच्छ आला तर त्या गिटारीपुरता तो ट्रान्समीटर बाद समजा, किंवा गिटारीचा व्हॉल्यूम आठच्या पुढे नेऊ नका.

बॅटरीचा किस्सा गेल्या पावसाळ्यातला. कुडाळला एकाची अ‍ॅक्टिव्ह पिकअपची गिटार आली होती. त्याची आणि दुसरी एक गिटार एकाच इंटरफेसवर, गेन पूर्ण खाली, तरी त्याच्या गिटारीचा प्रत्येक जोराचा मार चिरकत होता आणि सूर लांबवला की शेपटीला थुंकल्यासारखा तुटत होता. मागची प्लेट उघडून ९ व्होल्टच्या बॅटरीला मल्टिमीटर लावला तर आकडा साडेसहाच्या आसपास. नवी बॅटरी घातल्यावर त्याच गेनवर, त्याच प्रीसेटवर आवाज मोकळा झाला. अ‍ॅक्टिव्ह पिकअपमधला छोटा प्रीअँप त्या ९ व्होल्टवरच चालतो. व्होल्टेज उतरलं की जोराच्या माराला जागाच उरत नाही. अशा गिटारींमध्ये वायरची पिन जॅकमध्ये घातली की बॅटरी चालू होते, वाजवत नसलात तरी. त्यामुळे गिटार बॅगेत टाकताना पिन उपसून ठेवा. मुंबईहून कोकणकन्येने रात्रभर येताना वायर जॅकमध्येच राहिली, तर बॅटरी फुकट उतरत येते.

खारी हवा आणि जॅक

हे आपल्या किनारपट्टीचं खास दुखणं आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ला, हर्णै, कुठेही समुद्रापासून थोड्या अंतरावर राहणाऱ्याच्या गिटारीचा जॅक उघडून बघा. पिनच्या टोकाला टेकणारी पत्ती काळपट झालेली असते, कधी तिच्यावर हिरवट थर असतो. त्या थरामुळे सिग्नल अर्धवट पोहोचतो. आवाज बसलेला वाटतो म्हणून माणूस इनपुट वाढवतो. मग वाजवताना वायर जराशी हलते, पत्ती नीट टेकते, पूर्ण सिग्नल एकदम आत येतो आणि कानठळ्या बसवत फाटतो. याला सगळेजण 'लेव्हल टिकत नाही' म्हणतात. प्रोसेसर बिचारा ठीक असतो.

ओळखायचं असं: रिकाम्या प्रीसेटवर एकच तार वाजवत ठेवून पिन जॅकमध्ये हलकेच गोल फिरवा. आवाज कमी-जास्त झाला किंवा खरखरला तर जॅक नाहीतर पिन खराब आहे. व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना खरखर आली तर पॉटही (नॉबखालचा फिरता भाग) तसाच झालाय. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर घ्या, कापसाच्या काडीने पत्ती आणि पिन पुसा, पिन काही वेळा आत-बाहेर करा, पॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. दाराच्या बिजागरीला मारायचा तेलकट स्प्रे मारू नका. तो चिकट थर मागे ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. पत्ती सैल झाली असेल तर बोटाने जराशी आत वाकवा. जॅक पार गेला असेल तर बदला. दोन वायरींना डाग द्यायचा असतो, गावातला टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाराही ते करून देतो.

इंटरफेसच्या आणि प्रोसेसरच्या जॅकलाही हीच हवा लागते. ऐन भाद्रपदात, पाऊस चालू असताना मंडपात सामान राहतं, तेव्हा रात्री निदान प्रोसेसर तरी प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

हे सगळं तपासून झालं आणि दोष खरोखर इनपुटचाच निघाला, तर पुढचं वाचा.

गिटारीगणिक फरक का पडतो

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. तारेचे वेढे किती, चुंबक कुठला आणि पिकअप तारांच्या किती जवळ, यावर सिग्नलचा जोर ठरतो. स्ट्रॅटोकास्टरच्या जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलचा डीसी रेझिस्टन्स साधारण ६ किलोओहम असतो, पन्नाशीच्या दशकातल्या धर्तीच्या हंबकरचा ७ ते ८.५, आणि 'हॉट' म्हणून विकल्या जाणाऱ्या हंबकरचा १३ ते १६ च्या घरात. लोक या आकड्यावरून जोर ठरवतात. तो अंदाजापुरताच घ्या. अधिक बारीक तार वापरली की जोर तेवढा न वाढताही रेझिस्टन्स वाढतो. अ‍ॅक्टिव्ह पिकअपला तर हा आकडा लागूच पडत नाही. आणि अ‍ॅक्टिव्ह म्हणजे सगळ्यात जोरकस, हाही गैरसमज आहे. कित्येक हॉट पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारे) हंबकर त्यांच्या तोडीस तोड असतात.

डेसिबलचा हिशोब डोक्यात पक्का ठेवा. ६ डीबी वाढले की व्होल्टेज दुप्पट, १२ वाढले की चौपट, २० वाढले की दहापट. शांत सिंगल कॉइल आणि हॉट हंबकर यांच्यात जोराने वाजवताना १० ते १२ डीबीचा फरक सहज पडतो. म्हणजे एकीच्या तिप्पट-चौपट सिग्नल दुसरीतून येतो.

याच हिशोबात पिकअपची उंची बसते, आणि तिच्याकडे फार कमी जण बघतात. शेवटच्या पट्टीवर तार दाबून पिकअपपासून तारेपर्यंतचं अंतर मोजा. बहुतेक पिकअपांना २ मिलिमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करता येते. दुकानातून आलेल्या स्वस्त गिटारींमध्ये हंबकर तारांना जवळजवळ टेकलेला असतो. तो स्क्रूने अर्धा-एक मिलिमीटर खाली उतरवला की जोर कमी होतोच, शिवाय सूर जास्त लांबतो आणि आवाजात मोकळेपणा येतो. सिंगल कॉइल तर फार जवळ असली की तिचं चुंबक तारेला ओढतं आणि जाड तारांचा सूर डळमळतो. पाच मिनिटांचं काम, फक्त स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि एकाच गिटारीतल्या नेक आणि ब्रिज पिकअपमधली तफावतही यातच मिटते.

लेव्हल लावायची पद्धत

सगळ्यात जोरकस गिटार घ्या. ब्रिज पिकअप, व्हॉल्यूम पूर्ण, टोन पूर्ण. रिकामा प्रीसेट. कार्यक्रमात ज्या जोराने वाजवणार त्याहून जास्त जोराने सहाही तारा मारा, पाम म्यूट करून (तळहात तारांवर टेकवून) जाड तारेवर ठोका. घरी खाटेवर बसून हळूच वाजवून लावलेली लेव्हल मंडपात टिकत नाही, हात आपोआप जड पडतो. मीटरचं सर्वांत वरचं टोक उणे १२ ते उणे ६ डीबीएफएसच्या मध्ये राहिलं पाहिजे. प्रोसेसरवर आकडे नसतील, नुसता दिवा असेल, तर लाल एकदाही लागता कामा नये.

मग शांत गिटार लावली की मीटर उणे २० वर रेंगाळतं आणि जीव घाबरतो. घाबरू नका. मीटर छतापर्यंत भरलं पाहिजे हा नियम टेपच्या आणि १६ बिटच्या काळातला. तेव्हा सूं-सूं आवाजावर मात करायला ते गरजेचं होतं. २४ बिटचा हिशोब कागदावर १४४ डीबीचा पल्ला देतो, प्रत्यक्षातले बरे कन्व्हर्टरही ११० च्या आसपास जातात. गिटारीचा स्वतःचा गुणगुणाट त्याहून कितीतरी वरचा असतो. उणे २० वर आलेला सिग्नल पुढे वाढवलात तरी कन्व्हर्टरचा आवाज ऐकू येत नाही. ऐकू येते ती गिटारीची हम, आणि ती इनपुट वाढवून कमी होत नाही.

इंटरफेसवर अँपचे प्लगइन (लॅपटॉपवर अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. अँपचं मॉडेल खऱ्या अँपसारखं वागतं ते त्याला खऱ्या गिटारीइतका व्होल्टेज मिळतोय असं गृहीत धरून. तुम्ही इंटरफेसचा गेन १० डीबी वाढवलात, तर मॉडेलच्या दृष्टीने तुमची गिटार तिप्पट जोरकस झाली. मग क्लीन अँप फाटतो, क्रंचचा चिखल होतो, आणि दोष प्लगइनला जातो. म्हणून इन्स्ट्रुमेंट बटण दाबून गेन पूर्ण खाली ठेवून सुरुवात करा आणि त्या अवस्थेत तुमचा इंटरफेस कमाल किती डीबीयू घेतो ते त्याच्या माहितीपत्रकात बघा. शून्य डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट. उदाहरणार्थ, तिसऱ्या पिढीचा स्कारलेट २आय२ इन्स्ट्रुमेंट इनपुटवर कमाल १२.५ डीबीयू घेतो, म्हणजे साधारण साडेचार व्होल्टच्या टोकापर्यंत. बहुतेक पॅसिव्ह गिटारी त्यात आरामात मावतात. न्यूरल अँप मॉडेलर या प्लगइनच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हा डीबीयूचा आकडा भरायची सोय आहे. मॉडेलमध्येही तशी नोंद असेल तर हिशोब आपोआप जुळतो. ज्या प्लगइनमध्ये ही सोय नाही त्यात प्लगइनच्या इनपुट नॉबने फरक भरून काढा. मात्र एक लक्षात ठेवा: प्लगइनचा इनपुट नॉब कन्व्हर्टरच्या नंतर येतो. तिथे आवाज कमी केलात तरी आधी कातरलेली टोकं परत येत नाहीत.

प्रोसेसरमध्येही 'इनपुट लेव्हल' या एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी असतात. फ्रॅक्टलच्या यंत्रांत इनपुट लेव्हल बदलली तरी आत तेवढीच भरपाई होते, त्यामुळे टोन बदलत नाही, फक्त कन्व्हर्टर किती भरतो ते बदलतं. हेलिक्समध्ये गिटार इनपुटचा पॅड असतो. तो लावला की पुढच्या अँपलाही कमी सिग्नल मिळतो. केम्परमध्ये क्लीन सेन्स आणि डिस्टॉर्शन सेन्स अशा दोन वेगळ्या सेटिंग आहेत: पहिलीने क्लीन आवाज आणि फाटका आवाज यांची उंची एकमेकांशी जुळवायची, दुसरीने डिस्टॉर्शनचं प्रमाण. तुमच्या यंत्राचं काय आहे हे कळत नसेल तर परीक्षा सोपी आहे. मुद्दाम कचकच होईल इतक्या जोराने वाजवा आणि ती सेटिंग खाली घ्या. कचकच गेली, मग आवाज लहान होवो वा न होवो, तर ती कन्व्हर्टरच्या आधी काम करते. आवाज लहान झाला पण कचकच तशीच राहिली, तर ती नंतर काम करते, आणि इनपुट फाटणं थांबवायला तिचा काही उपयोग नाही. कमी किमतीच्या बऱ्याच मल्टिइफेक्टमध्ये आधीचा नॉब नसतोच. तिथे पिकअप खाली उतरवणं आणि गिटारीचा व्हॉल्यूम, हेच दोन उपाय.

एकदा लावली की हलवायची का नाही

कारण तुमच्या प्रीसेटमधल्या निम्म्या गोष्टी इनपुटच्या उंचीवर बेतलेल्या असतात. नॉइज गेटचा थ्रेशोल्ड (ज्या उंचीवर तो काम सुरू करतो ती), कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड, ऑटो-वाह किती उघडायचा, ड्राइव्ह कुठल्या माराला फाटायला लागेल, हे सगळं येणाऱ्या सिग्नलवर ठरतं. इनपुट ६ डीबी खाली घेतलात की गेट ६ डीबी जास्त कडक झाला. हळूच वाजवलेली आर्पेजिओ (एकेक सूर सुटा वाजवलेली कॉर्ड) तो मध्येच कापतो. लोक म्हणतात, "गेट खराब आहे." गेट जिथे ठेवला होता तिथेच आहे, जमीन खाली गेली.

दुसरं म्हणजे गिटारीचा स्वभाव त्या फरकातच आहे. लेस पॉल धाटणीची गिटार त्याच अँपवर आधी फाटते आणि टेलिकास्टर तिथेच टणटणीत राहते, हे वादकाला हवं असतं. सगळ्या गिटारी मीटरवर समान केल्या तर हा फरक पुसला जातो आणि चार गिटारी आणूनही एकच गिटार वाजल्यासारखी वाटते.

तरीही कार्यक्रमात एकाच प्रीसेटवर दोन गिटारी आल्या तर काहीतरी करावं लागतं. त्यासाठी प्रीसेटच्या अगदी सुरुवातीला एक साधा गेन किंवा क्लीन बूस्टचा ब्लॉक ठेवा, आणि त्याच्या आकड्यात फरक भरा. शांत स्ट्रॅटला हाय गेनच्या प्रीसेटवर ६ डीबी वर, हॉट हंबकरला क्लीन प्रीसेटवर ४-५ डीबी खाली. हा ब्लॉक कन्व्हर्टरच्या नंतर आहे, आकड्यांच्या जगात आहे, त्यामुळे तिथे कमी-जास्त केल्याने काही बिघडत नाही. तो फूटस्विचवर घ्या किंवा प्रीसेटची प्रत करून तिला गिटारीचं नाव द्या. मी दुसरा मार्ग पसंत करतो. अंधारात, गाण्यांच्या मध्ये, 'क्लीन एस' आणि 'क्लीन एच' अशी दोन नावं वाचणं सोपं जातं. गेटचा थ्रेशोल्ड त्या प्रतीत गिटारीनुसार वेगळा ठेवता येतो, आणि तो ठेवायलाच हवा: सिंगल कॉइलची हम जास्त, सिग्नल कमी.

कानाला जाणवणारी एकूण उंची मात्र अगदी शेवटी, आउटपुटच्या ब्लॉकवर जुळवा. आणि ती मंडपातल्या आवाजावर जुळवा. घरी हळू आवाजात लावलेले प्रीसेट मोठ्या आवाजात नेले की खर्ज अंगावर येतो, कारण हळू आवाजात आपला कान खर्ज कमी ऐकतो आणि आपण तो नकळत वाढवून ठेवलेला असतो.

हम

सिंगल कॉइल लावली की मंडपात घूंऽऽ येतं, ते ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींचं. जवळचे ट्रान्सफॉर्मर, डिमर, रोषणाईच्या माळांचे अडॅप्टर यांतून ते पिकअपमध्ये शिरतं. वाजवणाऱ्याने जागेवर थोडं वळून बघावं. एका कोनात हम बरीच कमी होते. तिथेच उभं राहा. माळांची वायर आणि गिटारीची वायर समांतर नेऊ नका.

तारांना हात लावल्यावर हम कमी होत असेल तर ते शिल्डिंगचं काम. पण तारांना आणि माइकला एकदम स्पर्श झाल्यावर झिणझिणी आली तर वाजवणं तिथेच थांबवा. मंडपाचं किंवा जनरेटरचं अर्थिंग तपासून घ्या. आपल्या जांभ्या कातळात अर्थिंगचा खड्डा नीट केलेला नसला तर उन्हाळ्यात तो पार कोरडा पडतो. हम जावी म्हणून तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे भेटतात. तसं कधीही करू नका, जीवावर बेतेल. हम दोन यंत्रांच्या अर्थमधून फिरत असेल तर डीआय बॉक्सचं (प्रोसेसर आणि मिक्सर यांच्यामध्ये लागणाऱ्या जोडखोक्याचं) ग्राउंड लिफ्ट त्यासाठीच असतं.

बाकीचं काही

लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या माइक जॅकमध्ये अडॅप्टर पिन लावून गिटार घुसवणारे अजून आहेत. तो जॅक माइकसाठी आहे. त्याचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) गिटारीला फार कमी पडतो, आवाज गोंधळलेला, बोथट येतो आणि लगेच फाटतो. गिटारीला १ मेगाओहमच्या आसपासचा इनपुट लागतो. इंटरफेसवरचं 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' बटण तेच देतं. ते न दाबता लाइन इनपुटला गिटार लावली तरी तोच बोथटपणा, आणि मग लोक ट्रेबल वाढवत बसतात.

पिकअपवाली अकूस्टिक गिटार वेगळी धरा. तिच्यातल्या पिएझोला (लाकडाचा-तारांचा कंप टिपणाऱ्या पिकअपला) आत प्रीअँप असेल तर ती लाइन इनपुटलाही चालते आणि जोरकस असते. प्रीअँप नसेल तर तिला १ मेगाओहमही तोकडा पडतो. पण दोन्ही वेळा तिला इलेक्ट्रिकच्या प्रीसेटवर नेऊ नका. अँप आणि कॅबिनेट बंद करून तिचा स्वतंत्र प्रीसेट करा.

आणि बेंजो. कोकणातल्या बेंजो पार्ट्यांत वाजणारा हा बेंजो म्हणजे १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात तयार झालेल्या ताइशोगोतोच्या वंशातलं वाद्य, त्याला आपल्याकडे पिकअप बसवले गेले. ते पिकअप बहुधा कारागिराने हाताने गुंडाळलेले असतात, एकाचा जोर दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. वाद्य पत्रीने जोरात छेडलं जातं, त्यामुळे सुराच्या सुरुवातीचा ठोका गिटारीपेक्षा टोकदार येतो. मीटर उणे १५ दाखवत असलं तरी ते टोक दिव्याला दिसण्याआधी निघून गेलेलं असू शकतं. गिटारीच्या प्रोसेसरमधून बेंजो काढायचा असेल तर तुमची सगळ्यात जोरकस गिटार न घेता बेंजोवरच इनपुट लावा, टोक उणे १२ च्या वर जाऊ देऊ नका आणि तिथून पुढे सगळ्या गिटारी त्याच लेव्हलवर वाजवा.